घर ओढण्याआधी

सकाळचे सहा चाळीस. आचाओच्या धक्क्यावर
तिकीटखिडकीतली नेल्दा चिग्वाय
निळ्या पडद्याकडे बघत बसली आहे.
पडदा म्हणतो: कृपया बंद करू नका. तीस टक्के.
सातच्या लाँचला केनाकचे अकरा उतारू,
दोन मेंढ्या, एक गॅस सिलिंडर,
आणि ओयार्सून मास्तर, ज्यांना पावती लागतेच.

एकतीस.
लाँच काही टक्क्यांवर सुटत नाही. भरतीवर सुटते.

ती ड्रॉवरमधून पेन्सिल काढते.
अकरा तिकिटं हातानं. मेंढ्यांचं अर्धं.
मास्तरांच्या पावतीवर तारीख चुकते,
कारण तारीखसुद्धा ती गेली नऊ वर्षं
ह्याच्याच कोपऱ्यात बघत आलीय.

तशी तिची मागणी ती केवढी?
एक तक्ता, एक प्रिंटर,
भरतीच्या वेळांची एक फाईल.
त्या बदल्यात हा रोज काहीतरी विचारतो:
तुमचं ठिकाण कळू दे का?
ढगातली जागा संपत आली, विकत घ्याल?
(चिलोएत! जिथे ढगांशिवाय काही फुकट मिळत नाही.)
हवामान दाखवू? असंही विचारतो,
हवामान खिडकीच्या काचेला नाक लावून उभं असताना.
भीक नको पण कुत्रं आवर, हे
तिच्या भाषेत कसं म्हणतात मला ठाऊक नाही.
ती जे म्हणाली ते याहून आखूड होतं.

आणि गेल्या महिन्यात तर त्यानं कळवलं,
नवी आवृत्ती येतेय, पण
तुमचं उपकरण पात्र नाही.
पात्र नाही!
नऊ वर्षं खारा वारा खाऊन,
एकदा कॉफी, एकदा अख्खी लाट अंगावर घेऊन
जो अजून चालू आहे, त्याला
ह्या धक्क्यावर कधीच न उतरलेलं कोणीतरी
अपात्र ठरवतं.

दुपारी कास्त्रोहून भाचा आला, यर्को.
खिशात नखाएवढा पेनड्राइव्ह.
"मावशी, ह्यात दुसरी सिस्टीम आहे. फुकट.
आधी नुसती चालवून बघ. काही पुसलं जाणार नाही."
पडद्यावर पेंग्विन आला.
नेल्दा हसली. तिला पेंग्विन नवे नाहीत,
पुन्यिवीलच्या खडकांवर दरसाल येतात,
घाण करतात, भांडतात,
आणि कुणाचंही काही अपडेट न करता निघून जातात.

सगळं पटापट उघडलं. कुणी काही विचारलं नाही.
प्रिंटर मात्र मुका.
यर्को काळ्या चौकटीत बारीक अक्षरं बडवत राहिला,
"दोन मिनिटं" म्हणाला.
चार वाजेपर्यंत म्हणत राहिला.

तेवढ्यात नेल्दाला ते घर आठवलं.
ती नऊ वर्षांची होती. दरड अंगणापर्यंत आली
तेव्हा वडिलांनी अख्खं घर ओंडक्यांवर चढवलं.
आठ बैलजोड्या, साठ माणसं, दोरखंड.
धुराडं तसंच, भिंतीवरचं कॅलेंडर तसंच,
आईनं फक्त काचेच्या बरण्या गोधडीत गुंडाळल्या.
अर्ध्या उतारावर एक ओंडका फुटला
आणि त्या रात्री सगळे तिरप्या जमिनीवर झोपले.
दुसऱ्या दिवशी घर पोचलं. एकही बरणी फुटली नाही.
फक्त सूर्य भलत्याच भिंतीवर उगवू लागला,
आणि पहाटे विहिरीकडे निघाली
की तिचे पाय कितीतरी वर्षं डावीकडेच वळायचे.
डावीकडे आता कुंपण होतं.

"घर हलतं रे," ती म्हणाली,
"पण साठ माणसं लागतात.
आणि शेवटी त्यांना जेवू घालावं लागतं.
तू तर एकटाच आलायस."

"माणसं आहेत, मावशी. जगभर आहेत.
फक्त जेवायला येत नाहीत."

पेनड्राइव्ह सध्या सुट्ट्या नाण्यांच्या डबीत आहे.
संध्याकाळच्या लाँचसाठी तिनं जुन्यालाच उठवलं.
पंखा घरघरला, पडदा निळा झाला:
पुन्हा भेटून आनंद वाटला.
आम्ही थोडे बदल केले आहेत.

नेल्दा पेन्सिलीला टोक काढत होती.